गाइडच्या शिबिराला पाठवण्याआधी पथकाची नोंदवही पाहा

खानापूर तालुक्यातील एका पालकांनी विचारले आहे की, त्यांची मुलगी सरकारी मराठी शाळेत सातवीत शिकते, शाळेत यंदाच गाइड पथक सुरू झाले आहे आणि डिसेंबरात जांबोटीच्या बाजूला दोन रात्रींचे शिबिर ठरले आहे. शाळेने कन्नडमध्ये छापलेला सदस्यत्वाचा अर्ज आणि संमतिपत्र घरी पाठवले असून नोंदणीची थोडी रक्कमही मागितली आहे. सदस्य झाल्याने मुलीवर आणि आपल्यावर नेमके काय बंधन येते, हे त्यांना कळत नाही. शिवाय जंगल, नदी आणि साप यांची धास्ती आहे. सही करावी की न करावी, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे.

मी बेळगाव जिल्ह्यात शिक्षिका म्हणून नोकरी केली आणि त्यातली २६ वर्षे गाइड कॅप्टन म्हणून पथक चालवले. खानापूर, बेळगाव आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यात मुलींना घेऊन अनेक रात्री तंबूत काढल्या. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की, शिबिर सुरक्षित होईल की नाही हे जंगलात पोहोचल्यावर ठरत नाही, ते शाळेच्या कपाटातल्या नोंदवहीत आधीच ठरलेले असते. म्हणून आपल्या प्रश्नाचे दोन भाग, सदस्यत्व आणि सुरक्षितता, मी वेगळे धरणार नाही.

सदस्यत्वाची चौकट थोडक्यात अशी आहे. आपल्याकडे शाळांतून चालते ती भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाइड संघटना तिच्यात विलीन झाली. जागतिक स्काउट आणि गाइड संघटनांची ती सदस्य आहे. मिळत्याजुळत्या नावाच्या आणखीही संस्था असल्यामुळे पावतीवर कोणत्या संस्थेचे नाव आहे, एवढे एकदा वाचून घ्यावे. लहान मुलांचे कब आणि बुलबुल हे विभाग साधारण दहा वर्षांपर्यंत असतात, त्यानंतर स्काउट आणि गाइड हे विभाग येतात, म्हणजे आपली मुलगी गाइडच्या वयाची आहे. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार असा हा चढता क्रम आहे. सदस्यत्व ऐच्छिक आहे. जात, धर्म किंवा भाषा पाहून ते दिले वा नाकारले जात नाही, आणि मुलीला आवडले नाही तर ते सोडता येते. शाळेने सक्ती करू नये आणि पालकांनीही करू नये. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून थोड्या जागा भरतात हे खरे आहे, पण बारा वर्षांच्या मुलीला त्या आशेने गणवेश चढवणाऱ्या पालकांना मी नेहमी म्हणत आले की, नोकरीचे पुढे बघू, आधी तिला स्वतःचे अंथरूण नीट गुंडाळता येऊ दे.

आता नोंदवहीकडे येते. एका गाइड कंपनीत, म्हणजे पथकात, जास्तीत जास्त ३२ मुली असाव्यात आणि त्यांच्या सहा ते आठ जणींच्या तुकड्या, म्हणजे पेट्रोल, असाव्यात, अशी रचना आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर घेतले, तेव्हाही जेमतेम वीस मुले होती आणि त्यांच्या चार तुकड्या होत्या. एवढ्या कमी मुलांच्या तुकड्या पाडल्या, कारण एका मोठ्या माणसाला वीस मुलांवर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही, पण तुकडीच्या नायिकेला आपल्या सहा जणी सांभाळता येतात. शिबिराची खरी सुरक्षा या व्यवस्थेत आहे. प्रथमोपचाराची पेटी आणि शिट्टी त्यानंतर येतात.

पण अनेक शाळांत घडते ते वेगळेच. जूनमध्ये मुख्याध्यापकांना पथक दाखवायचे असते म्हणून हजेरीपटावरून ३२ नावे उतरवली जातात. वर्षभर एकही सभा होत नाही, तुकड्या कागदावरच राहतात आणि शिबिर किंवा मेळावा आला की उपलब्ध असतील त्या मुली गाडीत बसवल्या जातात. त्यांतल्या काहींची नोंदणी नसते, काहींना प्रवेशाची साधी चाचणी दिल्याचे आठवत नाही, आणि तुकडीची नायिका बसमध्ये बसल्यावर नेमली जाते. नदीवर गेल्यावर आपल्या सहा जणी कोण हेच त्या नायिकेला माहीत नसते. अशा पथकात काही बिघडले नाही तर ते नशीब समजायचे.

हे मी परक्यावर बोट ठेवून लिहीत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका तलावाकाठी आमचे संयुक्त शिबिर होते. निघायच्या सकाळी माझ्या यादीतल्या एका मुलीला कांजिण्या निघाल्या आणि तिच्या जागी तिची चुलत बहीण तिचाच गणवेश घालून उभी राहिली. “पैसे भरलेत बाई, नाव तेच राहू दे,” असे तिच्या काकूने सांगितले आणि बस सुटायच्या गडबडीत मीही मान डोलावली. दुसऱ्या रात्री भांडी घासायच्या जागी ती मुलगी एकाएकी ताठ झाली, खाली कोसळली आणि तिला फिट आली. कोणी कांदा आणायला धावली, कोणी चपला काढल्या, एका स्वयंसेवकाने तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबायचा प्रयत्न केला. मी सगळ्यांना मागे सारले, डोक्याखाली घडी केलेली शाल सरकवली, स्कार्फ सैल केला आणि झटके थांबल्यावर तिला कुशीवर वळवले. घड्याळात जेमतेम तीन मिनिटे गेली होती. मग मी आरोग्याचा कागद काढला, तर त्यावर “कोणताही आजार नाही” असे लिहिलेले, आणि ते खरेही होते, कारण तो कागद कांजिण्या झालेल्या मुलीचा होता. फोन क्रमांकही तिच्याच घरचा. या मुलीच्या आईपर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला, तेव्हा कळले की तिला रोज दोन वेळा गोळी असते आणि शिबिरात कोणाला कळू नये म्हणून तिने ती घरीच ठेवली होती. मुलगी बरी झाली, आज संसाराला लागली आहे. पण त्या रात्रीची चूक माझी होती आणि ती जंगलात घडली नव्हती, सकाळी बसच्या दारात घडली होती. त्यानंतर मी नोंदणीत नाव नसलेली एकही मुलगी शिबिराला नेली नाही. त्यावरून दोन पालकांशी माझे चांगलेच वाजले, ते वाजू दिले.

म्हणून आपण शाळेत जावे आणि गाइड कॅप्टनना काही गोष्टी शांतपणे विचाराव्यात. पथकाची यंदाची नोंदणी जिल्हा संस्थेकडे झाली आहे का आणि त्यात मुलीचे नाव आहे का, हे पाहावे. तिची प्रवेशाची तयारी आणि दीक्षा, म्हणजे वचन घेऊन रीतसर सदस्य होण्याचा विधी, झाली आहे का, ते विचारावे. दीक्षा झाली नसेल तर दोन रात्रींच्या शिबिराऐवजी तिला एका दिवसाच्या सहलीला आधी न्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिची तुकडी कोणती आणि नायिका कोण, हा प्रश्न मात्र बाईंना न विचारता मुलीला घरी विचारावा. तिने पटकन सहा नावे सांगितली तर निम्मी काळजी मिटली असे समजा. कॅप्टनचे प्रशिक्षण कोणत्या टप्प्यापर्यंत झाले आहे, हे विचारण्यात संकोच नको. बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड आणि हिमालय वुड बॅज असे ते टप्पे आहेत आणि ज्यांनी प्रशिक्षण घेतले आहे त्या बाई हा प्रश्न ऐकून रागावत नाहीत, उलट आनंदाने सांगत बसतात. जिल्हा संस्थेची आणि शिक्षण खात्याची लेखी परवानगी आहे का, तेही पाहावे. आपला तालुका बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतो, म्हणजे परवानगीचा कागद बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या, कार्यालयातून गेलेला असायला हवा. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे किंवा भीमगडच्या बाजूला तळ पडणार असेल तर वन खात्याचीही परवानगी लागते. भीमगड हे २०११ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य आहे, तिथे ओळखीच्या माणसाच्या शेतातून आत शिरून तंबू ठोकणे म्हणजे सहल नव्हे, घुसखोरी आहे.

मुलींच्या शिबिरात रात्री मुक्कामाला किमान दोन प्रौढ स्त्रिया हव्यात. एक नको, दोन, कारण एकीला आजारी मुलीसोबत दवाखान्यात जावे लागले तर दुसरी तळावर राहिली पाहिजे. आपल्या तालुक्यातील कितीतरी शाळांत शिक्षकच दोन असतात आणि दोघेही पुरुष असतात, ही अडचण मला ठाऊक आहे. अशा वेळी शेजारच्या शाळेतील बाईंना किंवा एखाद्या मुलीच्या आईला रीतसर सोबत घ्यावे. गुरुजी सोबत आले तर हरकत नाही, पण त्यांचा मुक्काम वेगळ्या जागी हवा, आणि कोणत्याही प्रौढाने, मग तो कितीही आदरणीय असो, एकट्या मुलीला एकटे घेऊन कुठे जाऊ नये. हा नियम संशयापोटी नाही, त्यात त्या प्रौढाचेही रक्षण आहे. मुलींनी घरी फोन करायचा म्हटला तर तो करू द्यावा. काही अनुचित घडल्याचे कळले तर शाळेची अब्रू म्हणून ते दाबण्याचा अधिकार कोणालाही नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असा प्रकार माहीत असणाऱ्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, न कळवणे हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा प्रकार लपवला तर त्याला जास्त शिक्षा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलीला पाठ असावा.

आता त्या कन्नड अर्जाविषयी. आपल्याकडे मराठी पालक कागद न वाचताच सही करतात आणि “सरांनी सांगितलं म्हणून केली” असे नंतर म्हणतात. इथे भाषेचा वाद घालायला मी बसलेली नाही. अर्ज कन्नडमध्ये आहे तर तो शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या बाईंकडून किंवा शेजाऱ्यांकडून ओळ न् ओळ समजून घ्यावा. संमतिपत्रात शिबिराचे ठिकाण, तारखा, जाण्यायेण्याचे वाहन, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि फोन एवढे असायलाच हवे. “काही अघटित घडल्यास शाळा जबाबदार नाही” असे वाक्य त्यात दिसले तर घाबरू नका आणि त्यावर विसंबूही नका, कारण अशा एका ओळीने मुलांची काळजी घेण्याचे शाळेचे कर्तव्य संपत नाही. आरोग्याचा कागद मात्र दोन भाषांत भरावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. शिबिरातल्या बाईंना मराठी येईल, पण रात्री अकरा वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात जी नर्स भेटेल तिला ती येईलच असे नाही. फिट, दमा, मधुमेह, कोणत्या औषधाची किंवा खाण्याची अ‍ॅलर्जी, रक्तगट, रोजची गोळी असेल तर तिचे पाकिटावरचे नाव जसेच्या तसे, धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले, हे सारे त्यात यावे. आजार लपवू नये, हे मी हात जोडून सांगते. फिट येते म्हणून मुलीला शिबिराला नेणार नाहीत अशी भीती आयांना असते. फिट येणारी मुलगी मी नंतर अनेकदा नेली, फक्त तिला चुलीजवळचे आणि पाण्याजवळचे काम दिले नाही आणि रात्री तिच्या शेजारी तिची मैत्रीण झोपवली.

संयुक्त शिबिरात कन्नड आणि मराठी शाळांच्या मुली एकत्र येतात. तुकड्या मिसळलेल्या असाव्यात, मुली दुसऱ्या दिवसापर्यंत एकमेकींची भाषा तोडकीमोडकी बोलू लागतात आणि त्याचे त्यांना मोठे अप्रूप असते. पण धोक्याच्या क्षणी मुलगी आपल्याच भाषेत ओरडते, म्हणून तुकडी मिसळलेली असली तरी सतत बरोबर राहणाऱ्या दोघींची जोडी एकाच भाषेची ठेवावी. बाकीचे काम शिट्टी करते. एक लांब शिट्टी म्हणजे शांत व्हा आणि पुढच्या खुणेकडे लक्ष द्या, तुटक आखूड शिट्ट्या म्हणजे धावत एकत्र या, लांब आणि आखूड आलटून पालटून म्हणजे धोका. या खुणा जुन्या आहेत आणि सगळीकडच्या पथकांना ठाऊक असतात, निदान ठाऊक असायला हव्यात. आपल्या मुलीला घरी विचारून पाहा.

प्रत्यक्ष रानातल्या धोक्यांविषयी पालक विचारतात तेव्हा पहिले नाव वाघ-बिबट्याचे येते. माझ्या मते क्रम वेगळा आहे. पाणी पहिले, वाहन दुसरे, आग तिसरी, साप चौथा, आणि जनावरे त्याच्याही मागे.

पाण्याविषयी मी जरा कडक आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला गेलेले आठ जण बुडाले. त्यांत बहुतेक मोठी मुले होती, अभियांत्रिकी शिकणारी. त्या आठवड्यात बेळगावात ज्या गल्लीत जावे तिथे तोच विषय होता. आपल्या मुलुखात समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही, मलप्रभा आपल्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि डिसेंबरात ती इतकी शांत दिसते की मोठ्यांनाही पाय बुडवायचा मोह होतो. काठावर घोट्याएवढे पाणी, दोन पावले पुढे गुडघ्याएवढे, आणि तिसरे पाऊल वाळू उपसलेल्या खड्ड्यात. वरून काही कळत नाही. माझ्या शिबिरात पाण्याचा नियम एका वाक्याचा होता: ठरवून दिलेली वेळ, ठरवून दिलेली जागा आणि काठावर दोर घेतलेली पोहणारी बाई, या तिन्हीपैकी एक नसेल तर हातपाय धुवायलाही नदीवर जायचे नाही. भांडी तळावर पिंपातल्या पाण्याने घासायची. हिडकल किंवा नविलुतीर्थ धरणाच्या खालच्या अंगाला तर तळच टाकू नये, कारण पाणी केव्हा सोडतील ते आपल्या हातात नसते. गोकाकच्या धबधब्याला मुली न्या, लांबून दाखवा, पण वरच्या कातळावर शेवाळ असते आणि कठड्यापलीकडे फोटोसाठी गेलेल्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात.

मुलींना एक गोष्ट मी पुन्हापुन्हा करून घेत असे. कोणी पाण्यात पडले तर मागोमाग उडी मारायची नाही. आधी ओरडायचे, मग काठी पुढे करायची, काठी पोहोचत नसेल तर दोर किंवा रिकामी घागर फेकायची. बोलाइन ही गाठ मुली चाचणीपुरती पाठ करतात. मी ती डोळे बांधून, स्वतःच्या कमरेभोवती, एका हाताने मारायला लावत असे, कारण ती गाठ ताण आला तरी आवळत नाही आणि बुडणाऱ्या मुलीच्या हातात तयार फास देता येतो. पहिल्या दिवशी हसतात. तिसऱ्या दिवशी सातवीतली मुलगी वीस आकडे मोजायच्या आत ती बांधते.

आणि मोजणी. बसमधून उतरताना, नदीवर जाताना, येताना, जेवणाआधी, झोपण्याआधी. नायिकेने आपल्या सहा जणींची नावे घ्यायची, आकडा नव्हे. “सगळ्या आहेत बाई” हे उत्तर मी कधी मान्य केले नाही.

वाहनाचे थोडक्यात सांगते. मुली टेम्पोच्या हौद्यात उभ्या करून नेणार असतील तर सही करू नका. परिवहन मंडळाची बस किंवा परवाना असलेली गाडी, जितकी आसने तितक्या मुली, आणि घाटात रात्रीचा प्रवास नको. चोर्ला रस्त्यावर संध्याकाळनंतर धुके आणि अवजड वाहने दोन्ही असतात.

आगीबाबत शिबिरात धोका शेकोटीपेक्षा चुलीपाशी जास्त असतो. नायलॉनची ओढणी, सैल बाह्या, वाऱ्याने हेलकावणारी ज्वाळा. चुलीभोवतीचे वाळलेले गवत खरवडून काढलेले हवे, कारण डिसेंबरनंतर आपल्याकडचे माळरान काडीची वाट पाहत असते. पाण्याची बादली आणि वाळूची पाटी शेजारी हवी. भाजले तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी, टूथपेस्ट, हळद, शाई यांतले काहीही नाही.

सापाचे मात्र सविस्तर लिहिते, कारण भीती मोठी आणि माहिती थोडी अशी इथली स्थिती आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप आणि सरकारी दवाखान्यात मिळणारे प्रतिविष या चारांवर चालते. यांतल्या मण्यारीची गोष्ट पालकांनी आणि शिक्षकांनी नीट लक्षात ठेवावी. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि तिचा चावा मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही. जखमेला सूज नसते, खूण दिसेलच असे नाही. पहाटे मुलगी म्हणते पोटात दुखतेय, घसा जड झालाय. बाई म्हणतात काल जेवण जास्त झाले, ओवा घे. तासाभरात पापण्या उघडत नाहीत आणि मग श्वास अडतो. त्यामुळे जमिनीवर झोपलेल्या मुलीने पहाटे पोटदुखीची तक्रार केली आणि पापण्या जड दिसल्या तर दंश दिसो वा न दिसो, तिला तडक दवाखान्यात न्यायचे. टाळण्याचा उपाय सोपा आहे: तळ असलेला तंबू, अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी, तंबूत खाऊ ठेवायचा नाही म्हणजे उंदीर येत नाहीत आणि उंदरांमागे साप येत नाहीत, रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि बूट, आणि बूट घालण्याआधी उलटे करून झटकायचे. साप चावलाच तर चिरा देऊ नका, चोखू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे थांबू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण काढा, मोडलेला हात फळीला बांधतात तसा चावलेला अवयव स्थिर करा, मुलीला चालू न देता उचलून न्या आणि वेळ लिहून ठेवा. जांबोटीहून खानापूर आणि बेळगाव दोन्ही गाडीने गाठण्याच्या टप्प्यात आहेत. प्रतिविष कोठे उपलब्ध आहे हे शिबिराआधी फोन करून विचारून ठेवणे ही कॅप्टनची जबाबदारी आहे, आणि एक गाडी चालकासह रात्रभर तळावर उभी हवी. रात्री बारा वाजता गाडी शोधत गावात फिरणे म्हणजे तयारी नव्हे.

आणखी एका गोष्टीकडे आपल्याकडे फारसे लक्ष जात नाही, ती म्हणजे गोचीड. माकडताप हा रोग १९५७ मध्ये शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळला, आणि गेल्या काही वर्षांत तो गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागातही दिसला. हे दोन्ही तालुके आपल्या खानापूरच्या जंगलाला लागून आहेत. तो संक्रमित गोचीड चावल्याने होतो आणि त्याचा काळ डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या शिबिरांचा. पालापाचोळ्यात बसू नये, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे घालावेत, संध्याकाळी मुलींनी एकमेकींची मान, कानामागचा भाग आणि केस तपासावेत. मेलेले माकड दिसले तर त्या बाजूला फिरकू नये आणि आरोग्य केंद्राला कळवावे. घरी परतल्यावर आठवडा-दहा दिवसांत ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना “जंगलात शिबिराला गेली होती” हे वाक्य आवर्जून सांगावे. हे वाक्य पालक सांगायचे विसरतात.

अस्वल आणि गवा खानापूरच्या रानात आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटीदुकटीने झुडपात जायचे नाही, एवढे पाळले तर त्यांचा उपद्रव सहसा होत नाही. शौचाची जागा तळाच्या नजरेत, आडोसा केलेली आणि कंदील लावलेली हवी, आणि तिथेही दोघींनी मिळून जायचे. मासिक पाळीच्या सामानाची पिशवी कॅप्टनकडे असतेच, पण मुलीकडेही द्यावी आणि हे बोलायला लाजू नये असे घरीच सांगावे. राजहंसगड किंवा चंदगडकडच्या किल्ल्यांवर नेणार असतील तर आग्या मोहोळाचे विचारा. कड्याला मोहोळ लागलेले असेल त्या बाजूला धूर, अत्तर आणि आरडाओरडा नको.

चंदगडचा विषय निघाला म्हणून सांगते. वैजनाथ, महिपाळगड, पारगड ही ठिकाणे आपल्याला अंगणासारखी वाटतात, बेळगावहून सकाळी निघून दुपारी परतता येते, पण ती महाराष्ट्रात आहेत. पथक राज्याबाहेर जाते तेव्हा परवानगी वेगळी लागते आणि “जवळच तर आहे” म्हणून ती घेतली जात नाही. अपघात झाला की मग पोलीस ठाणे कोणते, दवाखाना कोणत्या राज्याचा, कागद कोणाच्या सहीचा यात वेळ जातो. एकदा कड्यावरून घसरून एका मुलीचा पाय मुरगळला तेव्हा आम्ही लावलेला मदतीचा फोन सीमेपलीकडच्या कक्षात लागला आणि गाव, तालुका, जिल्हा, राज्य असे चार वेळा सांगावे लागले. तेव्हापासून ११२ किंवा १०८ ला फोन करताना आधी राज्य आणि जिल्हा सांगायचा, मग काय झाले ते, असे मी मुलींना शिकवत असे. जंगलात कोणत्या कंपनीचे नेटवर्क कुठल्या टेकाडावर मिळते, तेही आदल्या दिवशी जाऊन पाहायचे.

आता आपल्या सहीविषयी. पथकाची नोंदणी चालू असेल, मुलीचे नाव आणि तुकडी खरी असेल, दोन स्त्रिया मुक्कामाला असतील, परवानगीचे कागद दाखवले जात असतील आणि पाण्याविषयी विचारल्यावर बाई “काही होत नाही हो” न म्हणता नियम सांगत असतील, तर निश्चिंत मनाने सही करावी. यांतले दोन-तीन प्रश्न अनुत्तरित राहिले तर यंदा शिबिर राहू दे, सदस्यत्व चालू ठेवा, आणि शाळेच्या आवारात एका रात्रीचे शिबिर घ्या असे बाईंना सुचवा. बहुतेक बाई ऐकतात, त्यांनाही ते सोपे जाते. मुलीला मात्र कारण सांगा, नुसते “नको” म्हणू नका.

आणि पाठवायचे ठरले तर निघायच्या सकाळी पाच मिनिटे आधी शाळेत पोहोचा. आरोग्याच्या कागदाची एक प्रत कॅप्टनच्या हातात द्या, दुसरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मुलीच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवा, आणि यादीत तिच्या नावापुढे जो फोन क्रमांक लिहिला आहे तो तुमचाच आहे ना, ते बसच्या दारात एकदा मोठ्याने वाचून घ्या.